मालकानं कुठं बसावं

"आरं, पण मॅनेजरला इचारलं का कुनी?" गोविंदानं चहाचा ग्लास फळीवर असा आपटला की शेजारच्या बरणीतली खारी हादरली. "एका दमात आठ पोरं इकत घेतली. त्यातली पाच पुढं खेळनारी. मागं कोन हाय? मोकळं रान! आन वर मालकच म्हनतो, मॅनेजर बिनकामाचा."

"मग? काढला का त्याला?" टपरीवाल्या हौशीरामनं दुधात पळी फिरवत विचारलं.

"काढला की. काल हारल्यावर बसमदी चढायच्या आत काढला."

"लय वाईट झालं," असं म्हणून हौशीरामनं गाळणं झटकलं. त्याला त्या मॅनेजरचं नावही ठाऊक नव्हतं, पण दर सोमवारी गोविंदाच्या दुःखात सहभागी होणं हे तो टपरीच्या धंद्याचा भाग समजत असे.

मळवली स्टेशनाबाहेरच्या त्या टपरीवर सोमवारची सकाळ म्हणजे गोविंदाची सकाळ. शनिवार-रविवारी त्याला मान वर करायला फुरसत नसे. भाजे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुहासशेठचा बंगला होता, पोहण्याच्या तलावाचा, पाहुण्यांना भाड्यानं द्यायचा. गोविंदा तिथला राखणदार, माळी, पंप चालू-बंद करणारा आणि पाहुण्यांची गाडी चिखलात रुतली की ढकलणाराही. पाहुणे रविवारी संध्याकाळी निघून जात आणि मागे राहिलेल्या बाटल्या गोळा करता करता त्याची सोमवारच्या भाषणाची तयारी होई.

भाषणाचा विषय एकच, अॅशबी रोव्हर्स. हा फुटबॉल क्लब इंग्लंडातल्या कुठल्याशा गिरणगावातला. वाडीवरच्या एका ठाकराला त्याचा नाद लागला तो बंगल्याच्या आधीच्या मालकामुळे. ते म्हातारे साहेब एकटे राहत, शनिवारी टीव्हीसमोर बसत आणि एकट्यानं ओरडायला बरं वाटत नाही म्हणून गोविंदाला शेजारी बसवून घेत. पहिल्या वर्षी गोविंदा नुसता चहा पीत बसला. दुसऱ्या वर्षी तो साहेबांच्या आधी ओरडू लागला. साहेब गेले, नाद मात्र रात्री फोनवर चालूच राहिला. त्यांच्या मुलानं बंगला सुहासशेठला विकला आणि बंगल्याबरोबर झाडं, पंप, कुत्रा आणि गोविंदा असं सगळं नव्या मालकाकडे आलं. "माजी बी ट्रान्सफरच झाली म्हना की," तो हसून सांगायचा. "फकस्त क्लबाचा शर्ट धरून फोटो न्हाई काढला."

त्याची मतं पक्की होती. खेळाडू घ्यायचा तर मॅनेजरच्या नजरेनं घ्यावा. कोवळं पोर मोठ्या क्लबानं उचललं की त्याचं वाटोळं झालंच म्हणून समजा, कारण मोठे क्लब पोरं खेळवायला नेत नाहीत, दुसऱ्यानं नेऊ नयेत म्हणून नेतात आणि बाकावर बसवून ठेवतात. आणि सगळ्यात मोठं मत मालकांबद्दल.

"मालकानं वर गॅलरीत बसावं," तो हात उंच करून जागा दाखवी. "पैसं द्यावं, टाळ्या वाजवाव्या, हारलं तर गप घरी जावं. ज्यानं टीम हुबी केली त्येच्या कामात हात घालू नये. मालक खाली उतरला की क्लब बुडाला!"

त्या सोमवारी हे वाक्य संपतं न संपतं तोच एक स्कूटी टपरीपाशी थांबली. अनिता मॅडम होत्या. कामशेतच्या शाळेत त्या खेळाच्या बाई आणि सुहासशेठच्या पैशावर चालणाऱ्या मुलींच्या फुटबॉल टीमच्या कोच. गोविंदाची धाकटी मुलगी हर्षदा त्यांच्या टीममध्ये होती.

"गोविंदाभाऊ, तुम्हालाच शोधत होते," मॅडम हेल्मेट काढत म्हणाल्या. "बातमी चांगली आहे. बंगळुरूच्या एका क्लबाची माणसं गेल्या महिन्यात आपली मॅच बघून गेली. त्यांना हर्षदा हवी आहे. दोन वर्षं तिथं ठेवतील, राहणं-जेवण-कॉलेज सगळं त्यांचं. तुमचा होकार हवा."

हौशीरामची पळी दुधातच थांबली. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस नाचणार. पण गोविंदाचा चेहरा उतरला.

"न्हाई," तो म्हणाला.

"अहो, ऐकून तरी घ्या."

"मॅडम, मी ईस वर्सं ह्येच बघतोय. असली पोरं नेत्यात आन बसवून ठेवत्यात. मग म्हनत्यात, जा आता ह्या क्लबात, जा त्या क्लबात. पोरगं ना हितलं ऱ्हातं ना तितलं." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "आन ती लहान हाय. तितं तिची भाषा कुनाला यील? रानातली पोरगी हाय ती."

मॅडमनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. "विचार करा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. हौशीरामला चेष्टा करायची फार उबळ आली होती. गोविंदाकडे पाहून त्यानं ती गिळली.

बातमी सुहासशेठपर्यंत पोचायला दोन दिवस पुरले. बुधवारी शेठ तलावाचा पंप बघायला आला. शेठ वाईट माणूस नव्हता. मूळचा इथलाच, शेतकऱ्याच्या घरातला. जमिनीला भाव आला आणि त्याचे तीन बंगले झाले. मुलींना बूट, कपडे, खाऊ सगळं तोच द्यायचा. टीमच्या शर्टावर पाठीला खेळाडूचं नाव लहान आणि छातीवर शेठच्या बंगल्यांचं नाव मोठं, एवढीच काय ती त्याची हौस.

"तू नाही म्हणालास ते बेस केलंस," शेठ म्हणाला. "पुढच्या वर्षी वडिलांच्या नावानं स्पर्धा भरवतोय मी. हर्षदा नसली तर आपली टीम काय खेळणार? आणि त्या मॅडमचं मी बघतो. पोरी फोडायला लागल्यात. नवा कोच बघून ठेवलाय."

"बरं शेठ," गोविंदा म्हणाला.

शेठची गाडी फाटकाबाहेर गेली आणि गोविंदा हातात पाना घेऊन तसाच उभा राहिला. रोव्हर्सच्या मालकाला तो आठवड्यामागून आठवडे ज्या गोष्टीसाठी शिव्या घालत होता, तीच गोष्ट शेठ बोलून गेला होता आणि आपण 'बरं' म्हणालो होतो. ते त्याला टोचलं. पण पोरगी घरात राहणार होती, म्हणून त्यानं ते टोचणं बाजूला सारलं आणि पंपाचा नट आवळला.

घरी मात्र नट आवळून भागणार नव्हतं. हर्षदा दोन दिवस बापाशी बोलली नव्हती. शेळ्या आत घेऊन ती ओट्यावर बसली तेव्हा गोविंदा तिच्याजवळ गेला आणि समजुतीच्या सुरात रोव्हर्सच्या एका पोराची गोष्ट सांगू लागला. सतरा वर्षांचं पोर, आजीनं वाढवलेलं, मोठ्या क्लबानं नेलं आणि तीन वर्षं बसवून ठेवलं.

"त्याच्या आजीचं नाव काय, बाबा?" हर्षदानं मधेच विचारलं.

"मार्गारेट," गोविंदा चटकन म्हणाला.

"मी कितव्या नंबरचा शर्ट घालते?"

गोविंदा ओट्याचा सुटलेला पोपडा खरवडू लागला.

"सांगा की. मी कुटं खेळते? पुढं का मागं?"

चुलीपाशी त्याची बायको चिंगी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण तिनं मान वर केली. "तुमी पोरीला खेळताना कदी बगितलंय का वो?" ती म्हणाली.

बघितलं नव्हतं. मॅचा रविवारी असत आणि रविवारी बंगला भरलेला असे. हर्षदा येऊन सांगायची, "जिंकलो" किंवा "हारलो", आणि तो "व्वा" किंवा "असू दे" म्हणायचा. सातासमुद्रापलीकडच्या पोरांचे गुडघे कधी दुखावले ते त्याला पाठ होतं. स्वतःच्या पोरीच्या गुडघ्याला काय झालंय हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एक जुनी, लांबट खूण होती. त्याला भयंकर लाज वाटली.

"ह्या रईवारी जावा तुमी," चिंगी म्हणाली. "परंदवडीला जिल्ह्याची फायनल हाय. बंगला मी बघते."

"तुला पंप जमंल?"

"बटन दाबायचं असतंय न्हवं? का त्येला बी मॅनेजर लागतो?"

परंदवडीच्या मैदानाच्या एका अंगाला कारखान्यांची शेडं आणि दुसऱ्या अंगाला उसाचं रान होतं. मैदानाच्या कडेला मांडव घातला होता. मांडवात खुर्च्या आणि पहिल्या रांगेत, कपाळाला गंध लावून, सुहासशेठ. शेजारी त्यानं आणलेला फोटोग्राफर. गोविंदा मांडवात गेला नाही. तो कोपऱ्यातल्या बाभळीखाली बसला आणि जाणत्या माणसासारखे डोळे बारीक करून बघू लागला.

समोरची टीम पुण्याची होती. सगळ्यांच्या पिशव्यासुद्धा एका रंगाच्या. कामशेतच्या मुली त्यांच्यापुढे अगदीच किरकोळ दिसत होत्या. हर्षदाच्या पाठीवर आठ नंबर होता. ती मधोमध उभी होती.

पहिली दहा मिनिटं गोविंदाचा जीव खाली-वर होत होता, कारण हर्षदा काही करतच नव्हती. ना ती बॉल घेऊन पळत होती, ना कुणाला चकवत होती. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. अगं पळ की, तो मनात म्हणत होता. पुण्याच्या पोरी धावून धावून घामाघूम आणि ही पिकात पाखरं राखत उभं राहावं तशी उभी! त्याला वाटलं, आपण नाही म्हणालो तेच बरोबर. बंगळुरूचे लोक हिला बसवूनच ठेवणार.

मग त्याला एक गोष्ट दिसली. बॉल तिच्याकडे यायच्या आधी हर्षदा मागे बघत होती. एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या. सगळं मैदान बॉलकडे बघत असायचं आणि ही एकटी दुसरीकडेच. बॉल तिच्या पायाशी आला की तो थांबतच नसे. त्यानं कुठं जायचं ते आधीच ठरलेलं असे.

गोविंदा उभा राहिला. आपण उभे राहिलो हे त्याला कळलं नाही.

बॉल पुन्हा तिच्याकडे आला. पुण्याच्या दोघी तिच्या अंगावर धावल्या. हर्षदानं पाय नुसता लावला आणि बॉल त्या दोघींच्या मधून पलीकडे पाठवला, जिथं कुणीच नव्हतं. मांडवातून "अर्र" असा आवाज आला. मोकळ्या गवतावरून बॉल संथ चालला होता आणि मग कुठूनशी कामशेतचीच बारकी पिंकी धावत आली, थेट बॉलपाशी पोचली आणि गोल झाला.

सगळे पिंकीच्या नावानं ओरडले. गोविंदा ओरडला नाही. त्याच्या अंगावर काटा आला होता. ते मोकळं गवत, ती जागा, त्यानं नीट पाहिली होती. तिथं खरंच कुणी नव्हतं. मग हिला कसं दिसलं? म्हातारे साहेब हयात असताना रोव्हर्सचा एक जुना खेळाडू असा खेळायचा आणि साहेब त्याला पाहून हात जोडायचे, म्हणायचे, "गोविंदा, हे शिकवून येत नाही. हे देवानं दिलेलं असतं, आणि फार थोड्यांना." गोविंदाला तेव्हापासून वाटत आलं होतं की असलं देणं तिकडच्या थंडीत, तिकडच्या हिरव्यागार मैदानांवरच उतरत असावं. ते आपल्या वाडीत, आपल्या चुलीपाशी बसून भाकरी खातंय, शेळ्यांना हाका मारतंय, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि आपण तिला रानातली पोरगी म्हणालो! त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत, कारण पुसताना एखादा पास हुकला असता.

मध्यंतराला घोळ झाला. सुहासशेठ मांडवातून उठला आणि आपली खुर्ची स्वतःच उचलून थेट मैदानाच्या रेषेवर, मुलींच्या घोळक्यात आणून बसला.

"मॅडम, हर्षदाला पुढं खेळवा," त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. "गोल तिनं मारायला पाहिजेत. फोटोवाला कशाला आणलाय मी?"

"शेठ, ती पुढं गेली तर मधे बॉल कोण सांभाळेल?" अनिता मॅडम शांतपणे म्हणाल्या. "टीम हलवू नका."

"टीम कुणाची आहे?" शेठचा आवाज चढला. "ते काही नाही. ती पुढं खेळेल. नाहीतर ही तुमची शेवटची मॅच समजा."

मुली खाली बघू लागल्या. हर्षदा बुटाची नाडी बांधत होती, ती बांधतच राहिली. मॅडमनी गळ्यातली शिट्टी मुठीत आवळली. आणि बाभळीखालून गोविंदा चालत आला.

तो घाबरला होता. शेठच्या गाडीचं दार तो रोज उघडायचा. शेठशी 'बरं' सोडून दुसरा शब्द त्यानं क्वचितच काढला होता. पण गेला पाऊण तास त्यानं जे पाहिलं होतं ते या माणसाच्या एका वाक्यानं मोडणार होतं आणि ते मोडू देणं त्याला शक्य नव्हतं.

"शेठ," तो म्हणाला, "हितं नगा बसू."

"काय?"

"मालकानं हितं बसायचं नसतंय. मांडवात बसायचं. तितनं लय ब्येस दिसतंय." त्यानं हात जोडले. "तुमी पोरींना बूट दिलं, कपडं दिलं, तुमच्यामुळं तर ही टीम हाय. पर ह्ये काम मॅडमचं हाय, शेठ. त्येंना करू द्या."

शेठ गोविंदाकडे बघत राहिला. बंगल्याबरोबर विकत घेतलेला कुत्रा एकदम माणसासारखा बोलायला लागला असता तरी त्याला इतकं नवल वाटलं नसतं. मग तो उठला. गोविंदानं ती खुर्ची उचलली, मांडवापर्यंत नेली, पहिल्या रांगेत ठेवली, खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि शेठ बसेपर्यंत पाठ धरून उभा राहिला. बसला शेठ. बसल्यावर गोविंदाकडे न बघता म्हणाला, "उद्या बंगल्याच्या किल्ल्या घेऊन ये घरी."

"व्हय शेठ," गोविंदा म्हणाला आणि पुन्हा बाभळीखाली गेला.

दुसऱ्या अर्ध्यात हर्षदा मधल्या जागीच खेळली. कामशेतनं एक गोल खाल्ला, मग पुन्हा एक केला आणि मॅच जिंकली. तो गोलही हर्षदानं मारला नाही. फोटोग्राफरनं चषकाबरोबर पिंकीचा फोटो काढला.

मॅडम गोविंदाकडे आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "माझं जे व्हायचं ते होईल," त्या म्हणाल्या. "पण बंगळुरूला काय कळवू?"

"मला कशाला इचारता?" गोविंदा म्हणाला. मग त्यानं हर्षदाकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यानं किती ट्रान्सफरांवर तोंड वाजवलं होतं! मालकानं काय करावं, मॅनेजरला कुणी विचारलं का, एजंटानं किती खाल्ले. खेळणाऱ्या पोराला जायचं होतं का, हे विचारायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. "बाय," तो म्हणाला, "तुला जायचंय का?"

"व्हय," हर्षदा म्हणाली. तिनं क्षणभरही वेळ घेतला नाही, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

परतीच्या टेम्पोत तो तिच्या शेजारी बसला. बराच वेळ विचारू की नको करत शेवटी विचारलं, "मागं बघायचं तुला कुनी शिकवलं? मॅडमनी?"

"आयनं."

"तुज्या आयनं?"

"शेळ्यांमागं. आय म्हनायची, शेळी हाय तितं काय बघतीस, ती तर हायेच. ती जानार कुटं ते बघ. आन मागं बघत ऱ्हा, बिबट्या पुढनं येत न्हाई." हर्षदा हसली. "मॅडम म्हनल्या, ह्येच कर मैदानात."

गोविंदा वाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या शेळ्या बघत राहिला. चिंगीला फुटबॉलातलं ओ की ठो कळत नाही हे तो टपरीवर अनेकदा मिटक्या मारत सांगत असे.

किल्ल्या शेठनं घेतल्या नाहीत. सोमवारी गोविंदा शेठच्या घरी गेला तेव्हा शेठनं त्याला तासभर अंगणात उभं केलं, मग म्हणाला, "पंपाला आवाज येतोय, बघून घे." एवढंच. पण अनिता मॅडमना त्यानं ठेवलं नाही. नवा कोच आला, तो शेठला विचारून टीम उभी करी आणि शेठ रेषेवर खुर्ची टाकून बसे. मॅडम शाळेतल्या लहान मुलींना घेऊन शिकवू लागल्या, शाळेच्या अंगणात, एकाच बॉलवर. हे सगळं गोविंदानं रोव्हर्समध्ये तीनदा घडताना पाहिलं होतं, तरी या वेळी टपरीवर त्यानं त्यावर भाषण केलं नाही.

हर्षदा निघाली त्या सकाळी घरात गोंधळ उडाला. गाडीची वेळ होत आली आणि बुटांच्या नाड्या सापडेनात. पिशवी उपसली, गोधड्या झटकल्या. शेवटी चिंगीचं लक्ष दाराआडच्या खुंटीकडे गेलं. विकलेल्या गाईंची, बैलांची दावी त्या खुंटीला टांगलेली असत. जनावर दिलं तरी त्याचं दावं द्यायचं नाही, ते घरात ठेवायचं, म्हणजे घराची बरकत जनावराबरोबर निघून जात नाही, ही वाडीची रीत. त्या दाव्यांच्या शेजारी दोन पांढऱ्या नाड्या लोंबत होत्या.

"ह्ये काय केलंत?" चिंगी ओरडली. "पोरगी काय इकली व्हय तुमी?"

"इकली न्हाई ग," गोविंदा कावराबावरा झाला. "पर घरातनं चालली न्हवं. मला वाटलं, काय तरी ठेवावं."

"मग नव्या नाड्या कुटं हायेत?"

गोविंदानं कपाळाला हात लावला. नव्या आणायचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जुन्या काढून परत ओवाव्यात तर खुंटीवर गेलेली वस्तू उतरवायची कशी? चिंगी तावातावानं खुंटीपर्यंत गेली, हात वर केला आणि तिथंच थांबली. मग मागे वळली, पेटीतून आपलं जुनं लुगडं काढलं, त्याचा हिरवा काठ दातांनी टरकावला आणि खाली बसून पोरीच्या बुटांत ओवायला लागली. भोकं लहान होती, काठ जाड होता. ती थुंकी लावून, पीळ देऊन ओवत राहिली आणि ओवता ओवता रडत राहिली. हर्षदा आईच्या खांद्याला धरून उभी होती. गोविंदा दारात उभा राहून ते बघत होता आणि त्याला वाटत होतं, आपण आयुष्यभर कुठल्या कुठल्या क्लबांची नावं घेत राहिलो, आणि हा एवढा मोठा कारभार आपल्या घरात चालला होता.

हिरव्या काठाचे बूट घालून हर्षदा मळवलीला गाडीत चढली. मॅडम तिला पुण्यापर्यंत सोडायला बरोबर होत्या.

दीड महिन्यानं एका रविवारी दुपारी तिच्या क्लबाची मॅच फोनवर दाखवणार होते. बंगला पाहुण्यांनी भरलेला होता. तलावात पोरं दंगा करत होती, कुणाला बर्फ हवा होता, कुणाला पिठलं. गोविंदानं स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाला टेकवून फोन उभा केला. चिंगी मदतीला आली होती; ती परातीपाशी बसून भाकऱ्या थापत होती आणि अधूनमधून मान लांब करून बघत होती.

हर्षदा खेळत नव्हती. पहिल्या अर्ध्यातही नाही, दुसऱ्यातही नाही. अंगात लांब कोट घालून ती बाकावर तिसरी बसली होती. कॅमेरा बॉलच्या मागे इकडून तिकडे पळायचा आणि पळता पळता कधी बाक दिसायचा, कधी नाही.

"ती बघा!" पिठाचा हात वर करून चिंगी म्हणायची. तोवर बाक गेलेला असायचा.

"बसवून ठेवलीया," गोविंदा म्हणाला. त्याला वाटलं होतं तसंच झालं होतं. आपलं खरं ठरल्याचा आनंद त्यानं शोधून पाहिला. तो कुठंच नव्हता.

"मग? वाईट असतंय का त्ये?"

"न्हाई ग. त्या बाकावर बसायला बी किती मोठं व्हावं लागतंय." तो फोनच्या जवळ सरकला. "आता यील. आता बॉल ह्या अंगाला आला की यील."

बाक आला. हर्षदा पुढे वाकून बसली होती, कोपर गुडघ्यांवर, आणि काहीतरी बघत होती. दोघांनी श्वास धरला. मग ती गेली आणि दोघांनी श्वास सोडला.

एक तरुण पाहुणा ओल्या अंगानं बर्फाचं भांडं घेऊन दारात आला. फोनवर मॅच बघून थबकला. "अरे वा, काका, फुटबॉल? स्कोर काय झाला?"

मॅच सुरू होऊन तास उलटून गेला होता. गोविंदानं पडद्याकडे पाहिलं, मग त्या पाहुण्याकडे.

"न्हाई बगितला, साहेब," तो म्हणाला आणि बर्फ काढायला उठला.